मोजक्याच वाचकांनी जपलेले दुवे

माझे वडील गिरगावातील एका छापखान्यात जुळारी होते. दिवसभर शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवल्यानंतरही त्यांना घरी वाचायला पुस्तक लागे आणि दर शनिवारी संध्याकाळी ते मला सोबत घेऊन मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखेत जात. पुस्तक निवडण्याची त्यांची रीत मला त्या वयात विचित्र वाटे. ते मुखपृष्ठ पाहत नसत, लेखकाचे नावही आधी पाहत नसत. शेवटचे पान उलटून तिथे चिकटवलेला कागद वाचत. पुस्तक कोणत्या तारखेला आणि कोणत्या सभासदाकडे गेले, याची नोंद त्या कागदावर असे. वर्षानुवर्षांच्या सवयीने एक सभासद क्रमांक त्यांना पाठ झाला होता. त्या क्रमांकाच्या वाचकाने नेलेले पुस्तक सहसा चांगले निघते, असा त्यांचा अनुभव होता. तो वाचक पुरुष होता की बाई, तरुण होता की वृद्ध, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही आणि त्यांनी ग्रंथपालांना कधी विचारलेही नाही.

२००६ च्या पावसाळ्यात ‘डिलिशस’ हे संकेतस्थळ मी पहिल्यांदा उघडले, तेव्हा मला तो चिकटवलेला कागदच आठवला. मी तेव्हा फोर्टमधील एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक म्हणून काम करीत होते, मुलुंडहून रोजची ये-जा होती आणि घरी नुकतेच ब्रॉडबँड आले होते. इंटरनेटवर वाचण्यासारखे पुष्कळ आहे, हे सगळेच सांगत; ते सापडावे कसे, हे मात्र कुणी सांगत नव्हते. शोधयंत्राला प्रश्न विचारता येतो, पण जे अस्तित्वात आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, त्याविषयी प्रश्न तरी काय विचारणार? कार्यालयातील मित्रमैत्रिणी ईमेलने जे दुवे पाठवत, ते बहुधा विनोदांचे आणि सुविचारांचे असत.

डिलिशस हे काम फार साध्या रीतीने करीत असे. जोशुआ शॅक्टर याने न्यूयॉर्कमधील एका वित्तसंस्थेतील नोकरी सांभाळून २००३ साली ते उभारले होते. त्याआधी तो स्वतःला आवडलेल्या पानांचे पत्ते एका साध्या मजकुराच्या फाइलीत, प्रत्येक पत्त्यापुढे ओळखीचा एखादा शब्द लिहून साठवत असे. तीच फाइल त्याने जणू सर्वांसाठी उघडी केली. आपल्याला आवडलेले पान साठवावे, त्याला ओळखीच्या चार शब्दांच्या खुणा, म्हणजे टॅग, लावावेत, एवढेच सभासदाने करायचे. आणि प्रत्येकाची यादी, वेगळे काही ठरवले नसेल तर, इतरांना दिसत असे. डिसेंबर २००५ मध्ये याहूने ते विकत घेतले, तरी मी तिथे पोचले तेव्हा त्याचे रूप एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखेच साधे होते. पांढऱ्या पानावर निळी अक्षरे, प्रत्येक दुव्यापुढे एक आकडा. ते पान आजवर किती जणांनी साठवले, हे तो आकडा सांगे, आणि त्या आकड्यावर टिचकी मारली की ती सगळी माणसे समोर येत.

माझ्या वाचनाचे वळण बदलले ते या आकड्यामुळे. सुरुवातीला मी इतरांप्रमाणेच मोठे आकडे असलेले दुवे उघडत होते. हजारो लोकांनी साठवलेली ती पाने बहुतेक संगणकाच्या कामाची असत, किंवा ‘अमुक करण्याचे दहा मार्ग’ अशा थाटाची. त्यांत वाईट काही नव्हते, पण माझे असेही काही नव्हते. मग एका रात्री मी वडिलांच्या कामाविषयी काही शोधत असताना देवनागरी खिळ्यांवरचा एक लांबलचक लेख सापडला. जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या आणि रफार यांच्यामुळे देवनागरीच्या जुळणीला शेकडो वेगवेगळे खिळे का लागत, जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडवलेल्या अक्षरांचे वळण इतके सुबक कसे झाले, असे पुष्कळ काही त्यात होते. मी तो साठवला आणि सवयीने आकडा पाहिला. माझ्याआधी तो फक्त नऊ जणांनी साठवला होता.

त्या नऊ जणांच्या याद्या वाचण्यात माझे पुढचे दोन आठवडे गेले. चौघे निव्वळ अक्षररचनेच्या व्यवसायातले दिसत होते आणि त्यांच्या याद्यांत मला कळेल असे थोडेच होते. दोघांनी एकेक महिना उत्साहाने दुवे साठवून पुढे सोडून दिले होते. पण एक यादी अशी निघाली की मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, म्हणजे काळाच्या दृष्टीने उलटी, वाचत गेले. त्या वाचकाने खिळ्यांबरोबर हातमागाच्या नक्षीची पंचकार्डे साठवली होती, जुन्या नकाशांतील चुका साठवल्या होत्या, पक्ष्यांच्या आवाजाचे कागदावर लेखन कसे करतात यावरचे निबंध साठवले होते. खूण आणि खुणेचा अर्थ यांच्यातील नाते हा त्या सगळ्यामागचा धागा होता, हे मला बऱ्याच दिवसांनी उमगले. त्या वाचकाने स्वतःविषयी एक अक्षरही लिहिलेले नव्हते.

याच यादीत मला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश मिळाला. १८३१ साली पहिल्यांदा निघालेल्या आणि १८५७ साली सुधारून वाढवलेल्या या कोशाची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने आपल्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात शोधता येईल अशा रूपात ठेवली आहे. ज्या कोशाची जाडजूड प्रत आमच्या कार्यालयात संपादकांच्या टेबलावर असे आणि जिला हात लावताना आम्ही कनिष्ठ मंडळी बिचकत असू, तो कोश माझ्या घरी, मुलुंडच्या दोन खोल्यांत, रात्री साडेअकरा वाजता उघडला गेला. कुणी मराठी माणसाने नव्हे, तर मराठी येत असेल की नाही याचीही खात्री नसलेल्या एका अनोळखी वाचकाने तो माझ्यापर्यंत पोचवला होता. मुद्रितशोधनाच्या कामात त्या कोशाचा मला पुढे जो उपयोग झाला, त्याचे मोल मी कसे सांगू? एखादा जुना शब्द मूळ हस्तलिखितात चुकून पडला आहे की लेखकाने जाणून वापरला आहे, हे ठरवण्यासाठी मी आजही आधी तोच उघडते.

थोड्याच लोकांनी साठवलेल्या दुव्याला इतके महत्त्व का, हे एका मैत्रिणीला समजावताना मी जे उदाहरण दिले होते, ते मला अजूनही योग्य वाटते. दोन माणसांना वडापाव आवडतो, म्हणून त्यांची आवड जुळते, असे मुंबईत कुणी म्हणणार नाही, कारण वडापाव सगळ्यांनाच आवडतो. पण दोन अनोळखी माणसे पावसाच्या पहिल्या आठवड्यात दादरच्या भाजीबाजारात शेवळं शोधत फिरताना एकमेकांना दिसली, तर त्यांच्या स्वयंपाकघरांत आणखी बरेच काही समान असणार. शेवळ्याची भाजी किती खाजरी असते, तिला काकडं का लागतात, ती निवडायला किती वेळ जातो, हे सगळे जाणून जो ती घ्यायला येतो, त्याच्या पिशवीत आणखी काय आहे ते जरूर पाहावे.

संगणकशास्त्रात हीच कल्पना बरीच आधी आली होती. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९९२ च्या सुमारास ‘टॅपेस्ट्री’ नावाची व्यवस्था तयार झाली. तिच्यात एका वाचकाने पत्रांवर आणि बातम्यांवर नोंदवलेली मते दुसऱ्याला निवडीसाठी वापरता येत. पण कोणाचे मत मानायचे हे तिथे वाचकाला आधी ठाऊक असावे लागे. १९९४ साली ‘ग्रुपलेन्स’ या प्रकल्पाने पुढचे पाऊल टाकले. यूझनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चागटांतील लेखांना वाचकांनी गुण द्यायचे आणि ज्यांचे गुण आपल्या गुणांशी पूर्वी जुळले आहेत, अशा माणसांच्या मतांवरून नवा लेख आपल्याला कितपत आवडेल, याचा अंदाज यंत्राने करायचा. पुढे पुस्तके, चित्रपट, गाणी सुचवणाऱ्या पुष्कळ व्यवस्था याच विचारावर उभ्या राहिल्या. तरी मला यंत्राच्या अंदाजापेक्षा डिलिशसची रीत अधिक प्रिय होती, कारण तिथे जुळणी माझी मला करता येत होती. यंत्र फक्त पडदा बाजूला करीत होते. कोणाच्या मागे जायचे हे मी ठरवत होते.

टॅगांविषयीही लिहायला हवे, कारण मुद्रितशोधकाच्या डोळ्यांना आधी तेच खुपले. मुंबईसाठी कुणी ‘मुंबई’ लिहीत होते, कुणी रोमन लिपीत ‘बॉम्बे’, कुणी रोमन लिपीतच ‘मुंबई’; एकवचन आणि अनेकवचन वेगळे टॅग ठरत; दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडली की त्याचे दोन टॅग होत. नियम करणारे कुणीच नव्हते. थॉमस व्हँडर वॉल याने अशा वर्गीकरणाला २००४ साली ‘फोक्सॉनॉमी’ असे जे नाव दिले, त्याला आपण लोकवर्गीकरण म्हणू शकू. ग्रंथालयात पुस्तकाला फळीवर एकच जागा असते. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकाखाली येते आणि मुद्रणकलेवरचे पुस्तक सहाशेच्या मालिकेत दूर कुठेतरी जाते, मग ते मराठी मुद्रणाविषयीचे का असेना. टॅगांमध्ये मात्र एकच लेख मुद्रण, गिरगाव, शिसे आणि वडील अशा चारही ठिकाणी ठेवता येत होता. होय, मी ‘वडील’ असा टॅग केला होता. त्या टॅगाखाली माझ्याखेरीज दुसरे कुणीच नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. पण माझ्या यादीतील सर्वांत जास्त वाचलेली पाने त्याच टॅगाखाली आहेत.

‘स्टंबलअपॉन’ची ओळख मला थोडी नंतर झाली. कॅनडातील कॅल्गरी शहरात विद्यार्थिदशेत असलेल्या गॅरेट कॅम्प आणि त्याच्या मित्रांनी ते सुरू केले होते. हाच कॅम्प पुढे उबरच्या संस्थापकांपैकी एक झाला. तिथे आधी आपल्या आवडीचे विषय निवडायचे, मग एक बटण दाबायचे, की कुठलेतरी एक पान समोर येई. आवडले तर अंगठा वर, नाही आवडले तर अंगठा खाली. या अंगठ्यांवरून आणि आपल्यासारख्या इतरांच्या अंगठ्यांवरून पुढचे पान ठरे. मी त्याला निष्ठेने शिकवले. छायाचित्रांच्या सुंदर पानांनाही, ती वाचनाची नसल्यामुळे, मी अंगठा खाली दाखवत असे. आणि तीन-चार आठवड्यांनी ते खरोखर मला वाचायला देऊ लागले. जुन्या मुंबईचे तपशीलवार नकाशे मोठे करून पाहता येतात, हे मला त्याच बटणाने दाखवले, आणि त्या रात्री मी फोर्टचा तट जिथून पाडला गेला ती रेषा बोटाने शोधत बसले होते. पण तिथे मागे माणूस दिसत नसे. पान का आले, कोणामुळे आले, हे समजत नसे, त्यामुळे चांगल्या पानावरून पुढच्या चांगल्या पानाकडे जाण्याची वाट तिथे नव्हती. पुन्हा बटणच दाबावे लागे. ईबेने ते २००७ मध्ये साडेसात कोटी डॉलरना घेतले, दोन वर्षांनी कॅम्प आणि इतरांनी ते परत मिळवले आणि २०१८ च्या जूनअखेर ते बंद झाले.

डिग आणि रेडिट या, वाचकांच्या मतांवर दुवे वरखाली करणाऱ्या संकेतस्थळांवर मी फारशी रमले नाही. मतांवर चालणाऱ्या पहिल्या पानावर सगळ्यांना एकच गोष्ट दिसते, आणि जी गोष्ट एका तासात हजार लोकांना पटते, ती सहसा दोन मिनिटांत वाचून होणारी असते. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एकाच ठिकाणी आणून देणाऱ्या गूगल रीडरचा एक काळ मात्र चांगला होता. कार्यालयातील आम्ही पाच जण एकमेकांनी निवडलेले लेख त्यात पाहत असू, आणि दुपारच्या डब्याच्या वेळी त्यावर बोलणे होई. २०११ च्या ऑक्टोबरअखेर त्यातील आपापसांत लेख देण्याची सोय काढून टाकली गेली आणि १ जुलै २०१३ ला रीडरच बंद झाले. आमचे डबे पुढेही एकत्र उघडत राहिले, पण बोलणे पुन्हा गाड्यांच्या उशिरावर आले.

आज माझ्या फोनवर येणारे लेखही माझ्यासाठीच निवडलेले असतात, असे मला सांगितले जाते. ते ज्या आधारावर निवडले जातात, तो आधार मला मान्य नाही. गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी एखाद्या मथळ्यावर थांबले, तर ते थांबणे माझी आवड म्हणून नोंदले जाते. कधी ती दया असते, कधी भीती, कधी नुसता पुढच्या बाईचा धक्का. पान साठवणे ही वेगळी कृती आहे. ‘हे मला पुन्हा लागेल’ असे मनाशी ठरवून, त्याला नाव देऊन, मी ते ठेवते. डिलिशसकडे माझ्याविषयी फार थोडी माहिती होती, पण ती सगळी मी विचार करून दिलेली होती. आजच्या व्यवस्थांकडे माझी अफाट माहिती आहे आणि तिच्यात माझा विचार जवळजवळ नाही. म्हणूनच एका महिन्यात मी दोन बातम्या आजारपणाच्या वाचल्या, तर पुढचे सहा महिने मला आजारच दिसत राहतात. खिळ्यांवरचा लेख मात्र मी कितीदा वाचला, तरी त्याच्या शेजारचा हातमागावरचा लेख मला कुणी देत नाही, कारण त्या दोघांमधील नाते एका माणसाच्या डोक्यात होते.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हा दुसरा नियम आहे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा तिसरा. दुसरा नियम सगळ्यांना पटतो. तिसऱ्याकडे मी अधिक लक्ष देते, कारण तो पुस्तकाच्या बाजूने बोलतो. कुठल्यातरी प्राध्यापकाने किंवा निवृत्त कारागिराने खपून लिहिलेले, कोणत्याही पहिल्या पानावर न आलेले एक पान इंटरनेटवर पडून असते. त्याचे वाचक जगभरात मिळून कदाचित दोनशेच असतील. त्या दोनशेंना ते पान मिळवून देण्याचे काम नऊ जणांच्या उघड्या याद्यांनी केले.

डिसेंबर २०१० मध्ये डिलिशस बंद होणार असल्याची बातमी पसरली, तेव्हा मी माझी यादी एका फाइलीत उतरवून घेतली आणि अनेकांप्रमाणे पिनबोर्ड या दुवे साठवण्याच्याच दुसऱ्या ठिकाणी गेले. माचेई सेग्वोव्स्की यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळाला तेव्हा एकदाच प्रवेशशुल्क द्यावे लागे, आणि सभासद वाढतील तसतसे नव्या सभासदाचे शुल्क किंचित वाढत जाई. वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला ते पैसे द्यायला बरेच वाटले. डिलिशस त्या वेळी बंद झाले नाही, ते दोन-तीन हातांतून गेले, आणि २०१७ च्या जूनमध्ये याच पिनबोर्डने ते अवघ्या ३५,००० डॉलरना विकत घेऊन जुन्या याद्या केवळ वाचता येतील अशा अवस्थेत ठेवले. मधल्या काळात लोकलमध्ये वाचण्यासाठी मी लेख साठवून ठेवणारे पॉकेट वापरत होते, कारण मशीद स्थानकाच्या आसपास नेटवर्क गेले तरी आधी उतरवलेला लेख त्यात उघडे. तेही ८ जुलै २०२५ ला बंद झाले.

संकेतस्थळे जातात, त्याहून मला पाने जाण्याचे दुःख अधिक आहे. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती, असे प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. माझ्या यादीतील २००६ आणि २००७ ची पाने मी गेल्या गणपतीच्या सुट्टीत एकेक करून उघडून पाहिली, तर बरीचशी गेलेली होती. खिळ्यांवरचा तो लेखही त्याच्या मूळ पत्त्यावर नाही. जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये मात्र त्याची एक प्रत निघाली, चित्रांपैकी तीन चित्रे हरवलेली, मजकूर पूर्ण. मी तो छापून घेतला आणि वडिलांच्या जुन्या स्टिकशेजारी, म्हणजे ज्यात ते ओळ जुळवीत त्या पितळी साधनाशेजारी, कपाटात ठेवला.

माझी भाची सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत शिकते आणि तिला अक्षररचनेची आवड आहे. जूनमध्ये तिने विचारले, “मावशी, देवनागरी टाइपवर कुठे काय वाचू?” तेव्हा मी तिला पुस्तकांची नावे दिली, अक्षररचनाकार र. कृ. जोशींचे काम पाहायला सांगितले, आणि मग माझी संपूर्ण फाइल पाठवली, सगळ्या टॅगांसह. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

“यात खिळ्यांबरोबर पक्ष्यांचे आवाज का आहेत?”

मी तिला त्या नऊ जणांची आणि त्यातल्या एकाची गोष्ट सांगितली.

“तो माणूस आहे कोण?”

“मला माहीत नाही. बाईही असेल.”

“आणि तू कधी विचारलं नाहीस?”

नाही विचारले. तो वाचक २०१४ पर्यंत दुवे साठवत होता आणि नंतर थांबला, एवढेच मला ठाऊक आहे.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीने मला स्वतःची फाइल पाठवली. तिच्यात चौदा दुवे आहेत आणि प्रत्येकापुढे तिने टॅग लिहिले आहेत, काही मराठीत, काही इंग्रजीत, शुद्धलेखन जसे सुचले तसे. मी ते दुरुस्त केलेले नाहीत. चौदांपैकी चार पाने माझ्या वाचनात आधी आली होती, सहा मला तांत्रिक वाटली. उरलेल्यांत एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांच्या छापखान्यातील शिळाछापाच्या पानांची छायाचित्रे आहेत, आणि त्यापुढे तिने एकच टॅग लावला आहे: ‘आजोबा’.